अबक यांची खरी माहिती

नाव (आवश्यक)

रविवारी दुपारी जेवण आटोपून लालपेन संगणकासमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्जात खोटं लिहायला घेतलं. पहिल्याच रकान्यात ते अडले.

नोंदणी कार्यालयात काउंटर क्रमांक चारवर बसून बावीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज तपासले होते. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, माणसाचं काहीही झालं तरी त्याचा कागद आधी यांच्या हाताखालून जायचा. खाडाखोड दिसली की लाल गोल, आणि लाल गोल पडला की अर्ज परत. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. एरवी सगळे त्यांना लालपेनच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा.

तर अशा या माणसाने गुपचूप एक वही लिहिली होती. वहीचं नाव ‘एका फेरीत काम’. कोणत्या कामाला कोणता अर्ज, सोबत काय जोडायचं, कुठे सही करायची आणि कुठे चुकूनही करायची नाही. काउंटर दोनवरचे ‘उद्या या’ म्हणतात तेव्हा त्यांचं शाईचं पॅड सुकलेलं असतं, तर थोडा वेळ तिथेच उभं राहावं. साहेब सह्या करतात त्या फक्त अकरा चाळीस ते बारा. बाराला ते डोळ्यांत थेंब घालतात, मग त्यांना अर्ज दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही.

ही वही लिहिण्याचं कारण म्हणजे एक निवृत्त नर्सबाई. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव दुरुस्त करायला त्या छत्री घेऊन सात वेळा आल्या. सातव्यांदा अर्ज परत केला तेव्हा त्या रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “अहो, त्यांना जायला इतका वेळ लागला नव्हता.”

लालपेनांना त्या दिवशी डबा गेला नाही.

तुम्हाला ही सेवा कशासाठी हवी आहे? (ऐच्छिक)

वही वेबसाइटवर टाकायची होती, पण नाव कळू द्यायचं नव्हतं. कार्यालयातली माहिती कार्यालयातच राहिली पाहिजे, असं साहेबांचं ठाम मत होतं. कुणीतरी एकदा ‘फोटो दोन प्रती लागतात’ अशी हाताने लिहिलेली पाटी लावली, तर त्याची दुसऱ्या दिवशी तळघरातल्या रेकॉर्ड खोलीत बदली झाली. तिथे खिडकी नव्हती, पंखा नव्हता आणि बोलायला कागद खाणारी कसर सोडली तर कोणी नव्हतं. लालपेनांच्या निवृत्तीला अकरा वर्षं होती. अकरा वर्षं कसरीशी काय बोलणार?

मेहुण्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने समजावून सांगितलं.

“भाऊजी, ही तुमची वही. तिला ठेवायला फळी लागते. ती फळी इंटरनेटवर भाड्याने मिळते, तिलाच होस्टिंग म्हणायचं. पण फळी कुणी घेतली त्याचं नाव, पत्ता, फोन सगळं जाहीर यादीत लागतं. जगात कुणालाही बघता येतं.”

“साहेबांनासुद्धा?”

“साहेब जगातच राहतात ना?”

माहिती झाकायची एक चौकट असते, तिच्यात खूण करा, आणि मुख्य म्हणजे खरं काही लिहू नका, एवढं बजावून मेहुणा दुकान उघडायला निघून गेला.

लालपेनांनी ती चौकट शोधली. ‘वर दिलेली माहिती खरी असून ती लपवावी’, असं तिथे लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. माहिती खोटी द्यायची, तर ती खरी आहे अशी खूण कशी करणार? आणि खोटीच द्यायची, तर ती लपवायची कशाला? बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं की झालं का. ते म्हणाले, विचार चालू आहे. शेवटी त्यांनी चौकट कोरी सोडली. खोटं बोलायचं ठरलं होतं, पण खोटी खूण करायचं ठरलं नव्हतं.

नाव (अजूनही आवश्यक)

आता खोटं नाव सुचेना. जे नाव आठवावं त्या नावाच्या माणसाचा अर्ज यांनी कधीतरी तपासलेला. उगाच त्याला त्रास नको.

मग एकदम त्यांना जगातला एकमेव खोटा माणूस आठवला. कार्यालयाच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, चौदा वर्षं लटकत असलेला नमुना अर्ज त्यांनी स्वतःच भरला होता. त्यात अर्जदाराचं नाव होतं श्री. अबक. पत्ता कुणाचा टाकायचा म्हणून कार्यालयाचाच टाकला होता. फोन कुणाचा द्यायचा म्हणून कार्यालयाचाच दिला होता. जन्मतारीख मुद्दाम एकतीस फेब्रुवारी, म्हणजे कुणी गैरफायदा घ्यायला नको.

लालपेनांनी सगळं पाठ असल्यासारखं धडाधड भरलं. एकतीस फेब्रुवारी संगणकाने घेतली नाही, म्हणून नाइलाजाने अठ्ठावीस केली. सगळा अर्ज त्यांनी दोनदा तपासला. कुठेही चूक नव्हती. एवढा सुंदर भरलेला अर्ज त्यांनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

दूरध्वनी

दोन महिन्यांत कार्यालय ओळखू येईनासं झालं. लोक अकरा पस्तीसला येत, सगळे कागद क्रमाने लावून देत, साहेबांची सही घेत आणि बाराच्या आत घरी जात. काउंटर दोनच्या हातावर एकाने नवंकोरं शाईचं पॅड ठेवलं आणि म्हणाला, राहू द्या तुमच्याकडे. त्या गृहस्थांना दिवसभर काही सुचलं नाही. नर्सबाई आठव्यांदा आल्या, दाखला घेऊन गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात वारसाच्या अर्जासाठी हसतमुखाने पुन्हा आल्या. वेबसाइटवर वाचलं, म्हणाल्या.

ते साहेबांनी ऐकलं. साहेबांनी जाहीर यादी काढली आणि सगळ्यांना खोलीत बोलावलं.

“अबक नावाचा माणूस,” साहेब म्हणाले, “आपल्या कार्यालयात बसून, आपला फोन वापरून हे धंदे करतोय. आणि तुम्हाला कुणालाच माहीत नाही?”

कुणालाच माहीत नव्हतं. नमुना अर्ज साहेबांच्या दाराशेजारीच लावलेला होता. खाली ‘तयार करणार : काउंटर चार’ असंही स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. पण चौदा वर्षांत तो कुणी वाचलाच नव्हता. साहेब तर रोज त्याच्यासमोर थांबायचे, पण काचेत बघून भांग नीट करायला.

“लालपेन, चौकशी तुम्ही करा. खोटा अर्ज तुम्हाला लांबून कळतो. सात दिवसांत मला हा माणूस हवा.”

लालपेन “हो” म्हणाले.

पाचव्या दिवशी ते साहेबांच्या टेबलासमोर उभे असताना फोन वाजला. होस्टिंगवाल्यांचा होता. श्री. अबक आहेत का, त्यांची माहिती संशयास्पद वाटते, तीन दिवसांत नाव आणि पत्ता असलेला एखादा अधिकृत कागद पाठवला नाही तर वेबसाइट बंद होईल.

“आम्हीही त्यांनाच शोधतोय,” साहेब म्हणाले. “सापडले की आधी आमच्याकडे पाठवा.”

फोन ठेवून साहेबांनी ते सगळं लालपेनांना ऐकवलं आणि खूश झाले. आपोआपच बंद पडतंय, म्हणाले. लालपेन बाहेर आले. बाकावर नर्सबाई वारसाच्या अर्जाचं अर्धं पान लिहून बसल्या होत्या. उरलेलं उद्या वेबसाइटवर बघून लिहिते, म्हणाल्या.

कागदपत्र जोडा

अबक यांचं नाव आणि पत्ता असलेला अधिकृत कागद जगात एकच होता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तेव्हा लालपेनांनी भिंतीवरची काचेची चौकट उतरवली आणि नमुना अर्ज बाहेर काढला. त्यावर एकतीस फेब्रुवारी तशीच होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग एकतीस खोडून वर अठ्ठावीस लिहिलं. फोटो काढला आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘कागदावर खाडाखोड असल्यामुळे अर्ज परत करत आहोत.’ आणि त्या अठ्ठाविसाभोवती कुणीतरी व्यवस्थित लाल गोल काढला होता.

गोल चांगला काढला होता, हे त्यांना मान्य करावंच लागलं.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. आपण रांगेत चौदावे आहात, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. पन्नास मिनिटांनी ते चौथे झाले आणि फोन कट झाला. पुन्हा लावला, तर एकोणिसावे. शेवटी एकदाचा माणूस बोलला, तर म्हणाला, हा अर्ज वेगळा लागतो, उद्या करा.

“तुमचं शाईचं पॅड सुकलंय का?” लालपेनांनी विचारलं.

फोन पुन्हा कट झाला.

घोषणा : वरील माहिती खरी आहे

शेवटच्या दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग खरंच लिहा ना. तेवढं एक तुम्हाला बरं जमतं.”

त्यांनी खरं नाव लिहिलं, खरी जन्मतारीख लिहिली आणि कार्यालयाचं ओळखपत्र जोडलं. ओळखपत्रावर पत्ता कार्यालयाचा होता आणि अर्जातही कार्यालयाचाच. सगळं तंतोतंत जुळलं. मग ती चौकट आली. वर दिलेली माहिती खरी असून ती लपवावी. लालपेनांनी मोठ्या समाधानाने खूण केली.

पाच मिनिटांत अर्ज मंजूर झाला. जाहीर यादीत अबक यांच्या जागी ‘माहिती गुप्त आहे’ असं दिसू लागलं.

“पळाला,” साहेब यादी बघून म्हणाले.

लालपेनांनी चौकशीचा अहवाल दिला. ‘सदर नावाची व्यक्ती या कार्यालयात काम करत नाही.’ त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या रात्री आठवडाभराने त्यांना गाढ झोप लागली.

पोच

सोमवारी आलेलं टपाल नेहमीप्रमाणे साहेबांनी फोडलं. मग लालपेनांना बोलावलं आणि एक पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. वर होस्टिंगवाल्यांचा शिक्का होता, खाली ठळक अक्षरांत पगारपत्रकातलं ते नाव, सोबत काउंटर क्रमांक चार.

“‘महोदय, अभिनंदन. ‘एका फेरीत काम’ या वेबसाइटचे मालक आपण आहात, ही माहिती आता संपूर्णपणे गुप्त झाली आहे. गुप्ततेच्या दृष्टीने ही सूचना ई-मेलने न देता टपालाने पाठवत आहोत.’”

साहेबांनी पत्राची घडी घातली. घड्याळात अकरा पंचेचाळीस झाले होते. बदलीच्या हुकमावर लगेच सही झाली.

तळघरात पंखा नव्हताच. कसर होती. लालपेनांनी एक टेबल पुसलं, खुर्चीचा चौथा पाय शोधून बसवला आणि लाल पेन खणात टाकून दिलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. फोनवर वेबसाइट उघडून त्यांनी सगळ्यात वर दोन ओळी वाढवल्या.

दुसऱ्या दिवशी अकरालाच जिन्यावर छत्रीचा ठक ठक आवाज आला. नर्सबाईंच्या मागे पाच-सहा जण होते आणि त्यांच्या मागे, मान खाली घालून, काउंटर दोन. त्यांना स्वतःच्या मुलीच्या जन्माच्या दाखल्यात काहीतरी दुरुस्त करायचं होतं.

“इथेच ना?” नर्सबाईंनी विचारलं आणि चष्मा लावून फोनवरच्या त्या दोन ओळी वाचल्या. “‘अर्ज भरताना अडलात तर तळघरात या, जिना उजवीकडे. खाडाखोड चालेल.’”