वाफेला खालून वाट

"पंखा कुठं बसवायचा हे गवंडी ठरवणार?" वाफडॉक्टर हसला. "अगं, वाफेवर पीएचडी आहे माझी!"

वाफडॉक्टर हे नाव बायकोनंच ठेवलेलं. तो एका संशोधन संस्थेत दूरच्या ग्रहांची हवा संगणकात शिजवायचा. वाफेनं गच्च भरलेली हवा खालून तापली की वर-खाली कशी घुसळून निघते, हे बघणं त्याचं काम. गेली तीन वर्षं तो एकाच ग्रहावर मुक्कामाला होता. घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचा.

आता वाफ कोंडून बाथरूमच्या छताला बुरशी धरली होती, ती वाफ बाहेर फेकणारा पंखा भिंतीत बसवायचा होता आणि रविवारी सासरे येणार होते. सासऱ्यांनी कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी प्रत्येक भेटीत ते विचारायचे, "ते सगळं ठीक, पण जावईबापू, तुम्ही काम काय करता?" या वेळी उत्तर थेट भिंतीत बसवून दाखवायचं, असा डॉक्टरनं चंगच बांधला.

त्यानं जमिनीपासून चार बोटांवर पेन्सिलीनं गोल काढला.

"एवढ्या खाली?" गवंडी बघतच राहिला. "साहेब, वाफ वर जाते."

"तुमची जात असेल! ओली हवा जड असते, खाली बसते. तीन वर्षं रोज बघतोय मी."

"मीपण चाळीस वर्षं आंघोळ करतोय, साहेब!"

"फोडा हो तुम्ही!"

गवंड्यानं फोडलं. जाताना मात्र हळूच म्हणाला, "वहिनी, कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

रविवारी सासरे आले, पिशवी ठेवली आणि गुडघे शेकायला गरम शॉवरखाली उभे राहिले. डॉक्टरनं बाहेरून ऐटीत पंख्याचं बटण दाबलं.

वाफ रीतसर छताला जाऊन बसली, तिथं गार झाली आणि थेंबाथेंबानं सासऱ्यांच्या टकलावर परतू लागली. इकडे फोडकामाच्या चुऱ्यानं मोरी तुंबली. साबणाचं फेसाळ पाणी चार बोटं चढलं, आणि पंख्यानं वाफेचा नाद सोडून पाणीच बाहेर फेकायला घेतलं!

"अहो वरचे!" खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई गरजल्या. "माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर फेस कोण उडवतंय?"

फट्! पंख्यात पाणी शिरून घरभरची वीज गेली. बाथरूमचं दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेले सासरे जुन्या इंजिनासारखे वाफा सोडत बाहेर आले.

"हे भोक कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," डॉक्टर पुटपुटला. "म्हणजे काय बाबा, त्या ग्रहावर हवा हायड्रोजनची. फारच हलकी. तिच्यात वाफ मिसळली की ती जड होते, खाली बसते..."

"आणि माझी मुलगी कुठल्या ग्रहावर नांदते?"

बायको खाली चादरी धुऊन द्यायला गेली होती म्हणून डॉक्टर वाचला, नाहीतर उत्तर तिनं दिलं असतं.

संध्याकाळी वायरमननं दिवे लावून दिल्यावर सासरेच म्हणाले, "दाखवा बघू तुमचा तो ग्रह."

डॉक्टरनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर खाली लाल, वर निळं. काहीच हलत नव्हतं. सासऱ्यांनी चष्मा चढवला.

"खालून आच चालू आहे?"

"हो."

"आणि ओली हवा जड होऊन खालीच बसलीय. म्हणजे झाकण लागलं. उष्णता वर जाणार कुठून?"

"तेच तर, बाबा, त्याचं समीकरण..."

"समीकरण राहू द्या. ती नुसती साठणार. बराच काळ सगळं चिडीचूप, आणि एक दिवस भस्सकन उसळणार! सेफ्टी व्हॉल्व्ह नाही का याला?"

डॉक्टर पडदा सोडून सासऱ्यांकडेच बघू लागला. हाच त्याचा निष्कर्ष होता. महिन्यापूर्वीच हाती आलेला, एकशे चाळीस पानांत मांडलेला.

"बरोबर ना?"

"अगदी बरोबर, बाबा."

"वा! कळलं एकदाचं तुमचं काम." सासरे मनापासून खूश झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि आपुलकीनं विचारलं, "आणि मग दुपारी काय करता?"