तांडेलकाका आणि चढणाऱ्यांची यादी

तांडेलकाका कोणाच्याही घरी गेले की कॉम्प्युटर कुठे आहे ते आधी विचारतात. चालू असेल तर बंद करायला लावतात, मग पुन्हा चालू करायला लावतात आणि मनगट डोळ्यांसमोर धरून घड्याळ बघत बसतात. "एक मिनिट चाळीस," म्हणतात. "करतंय काय एवढा वेळ?" मग खुर्ची पुढे ओढून, कोणाला न विचारता, कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडतात. घरचा माणूस चहाचं सांगायला आत गेलेला असतो. तो बाहेर येईपर्यंत निम्मी यादी बंद झालेली असते.

या माणसाने तीस वर्षं दिघीच्या जेटीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीत गाड्या चढवल्या. कुठली गाडी आधी, कुठली मागे, वजन कुठे टाकायचं, कोणाला पुढच्या फेरीपर्यंत थांबवायचं, हे सगळं एका शिट्टीवर. मोठमोठ्या गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवले तरी काका ढिम्म. फक्त अँब्युलन्स आली की सगळ्यांना मागे सारायचे. अँब्युलन्स पहिली, मग बाकी जग. आता निवृत्त झालेत, शिट्टी खुंटीला टांगलीय, पण सवय कुठे जाणार? ती सगळी कॉम्प्युटरवर उतरलीय.

माझं जेटीच्या रस्त्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एकटी बाई, एकटं दुकान. सकाळी उपाशीपोटी कुलूप काढते, कारण सातबारावाले माझ्या आधी पायरीवर हजर असतात. पूर्वी कॉम्प्युटर चालू होईपर्यंत ते समोर जाऊन चहा पिऊन यायचे. काकांनी एक दिवस हे बघितलं आणि त्यांना राहवलं नाही.

"रंजू, हे कोण?" यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"गाण्यांचा प्रोग्रॅम आहे, काका."

"याला आत्ता कशाला जायचंय?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. प्रत्येक नावाला हाच प्रश्न, आणि उत्तर देताना आपण ततपप केलं की ते नाव बंद. "बंद म्हणजे मारला न्हाय," वर आपल्याला समजावतात. "धक्क्यावर थांबवला. लागंल तेव्हा बोलव."

ब्राउझरला चिकटलेल्या एक्स्टेन्शनना ते टपावरचं सामान म्हणतात. माझ्या टपावर नऊ नग होते. त्यातलं एक हवामान सांगायचं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "दारात जाऊन वर बघायला काय होतं तुला?" एक मांजर होतं, ते पडद्यावर नुसतं इकडून तिकडे फिरायचं. ते कधी घेतलं मला खरंच आठवत नाही. ते काढताना मात्र काका जरा थांबले, एकदा फिरू दिलं आणि मग काढलं.

अर्थात घोळही घातले. एकदा त्यांनी मराठी टायपिंगचा प्रोग्रॅमच धक्क्यावर उभा केला. दाखल्यांच्या ऐन गर्दीत मी 'म्हात्रे' टाइप करतेय आणि पडद्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतायत. सगळी रांग माझ्या डोक्यावर बसली. दुपारी काका आले, यादी बघितली, जीभ चावली. "ही रोजची पासवाली गाडी, मी वळखली न्हाय." दुसऱ्या दिवशी काउंटरवर सुकटीची पिशवी ठेवून न बोलता निघून गेले. ही त्यांची माफी मागायची पद्धत.

तर अशा माणसाला त्याच्या मुलीने गणपतीत नवा लॅपटॉप पाठवला, आणि तो दोन महिने खोक्यातच, खाटेखाली.

वैशाली त्यांची एकुलती एक. नोकरीला पुण्यात. काकू गेल्यापासून काका एकटे, त्यात रक्तदाब. रोज गोळी लागते, म्हणून वैशालीचा जीव टांगणीला. जुना कॉम्प्युटर कधीही बसेल, मग बाबांशी व्हिडिओवर बोलायचं कसं, म्हणून तिने नवा घेतला. काका हातच लावेनात. शेवटी तिने मला फोन केला. "ताई, तुमचंच ऐकतील ते. लावून द्या ना." माझं ते कधीच ऐकत नाहीत, पण म्हटलं बघू.

रविवारी गेले. खोकं उघडलं, लॅपटॉप चालू केला, यादी काढली. आत सतरा जण चढून बसलेले. काकांचे डोळे चमकले. पुढचा अर्धा तास असा गेला की विचारू नका. "तू कोण? तुला आत्ता कशाला जायचंय? थांब. तू पण थांब." सतरा जण धक्क्यावर. मग काका जुन्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, "एक चढवायची ऱ्हायली."

तो चालू केला. सगळं बंद केलेलं, एकच गोष्ट आपोआप उघडली. साधी पांढरी फाइल. वर वैशालीने लिहिलेलं होतं, 'बाबा, गोळी घेतली का?' पुण्याला जाताना तीच लावून गेली होती. तिने अशी काही युक्ती केली होती की फाइल उघडली की खाली त्या दिवसाची तारीख आपोआप पडायची, आणि काका प्रत्येक तारखेखाली उत्तर लिहीत आले होते. तीन वर्षांची उत्तरं.

'व्हय. घेतली.'

'व्हय. वारा हाय, बोट उशिरा सुटली.'

'घेतली. दोन बांगडे आणले. एकट्याला जास्त झाले.'

'फोनवर तू घाईत होतीस. घेतली म्हणून सांगितलं. घेतली न्हाय.'

'न्हाय.'

'गोळ्या संपल्या. पलीकडे मुरूडला जायला पायजे. बघू.'

ही शेवटची ओळ नऊ दिवसांपूर्वीची होती. त्याखाली नुसत्या तारखा. अख्ख्या तालुक्याला पलीकडे पाठवणारा माणूस स्वतःसाठी बोटीत पाय ठेवत नव्हता. मला रागही आला आणि रडूही आलं.

"काका, हे वैशालीला पोचत नाही."

"मला काय कळत न्हाय? इंटरनेट लागत न्हाय, म्हणून तर हलकी हाय." मग माझ्याकडे न बघता, "ती इचारते, मी सांगतो. तेवढंच."

"मग नवा लॅपटॉप उघडायचा सोडून खाटेखाली का ठेवला?"

"मला काढायला येतं, पोरी. चढवायला येत न्हाय. तिकडं ही फाइल आलीच न्हाय तर?"

मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, नव्या लॅपटॉपवर टाकली, तिचा शॉर्टकट स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये ठेवला. काका खांद्यावरून बघत होते. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काकांनी घड्याळ वर धरलंच नाही. फाइल उघडली, तारीख पडली.

"अँब्युलन्स चढली," काका म्हणाले. "वैशालीला काय सांगू नको हां."

नाही सांगत म्हटलं. ते चहा टाकायला आत गेले तेव्हा मी त्या तारखेखाली लिहिलं, 'काका, गोळ्या उद्या माझ्या दुकानात मिळतील. येऊन घेऊन जा. रंजू.' गोळ्यांचं रिकामं पाकीट पर्समध्ये टाकलं. सकाळी पहिल्या बोटीने मुरूडला जाऊन आले. सातबारावाले बसले असतील पायरीवर, बसू देत.

अकराला काका आले. फाइलबद्दल एक अक्षर नाही. माझ्याच बाटलीतलं पाणी घेऊन गोळी घेतली, पाकीट खिशात घातलं आणि मला समोरून चहा सांगून यायला पाठवलं. मी परत आले तर स्वारी गायब. मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी बंद करून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, कॉम्प्युटर चालू केला. मराठी टायपिंग आलं, प्रिंटर आला, आणि त्यांच्याही आधी एक पांढरी फाइल उघडून बसली होती. वर लिहिलेलं, 'रंजू, काय खाल्लंस का?' खाली तारीख.

एकदाच बघून शिकला होता माणूस.

आई गेल्यापासून मला हे कोणी विचारलेलं नाही. पायरीवरचे म्हात्रे आत येऊन उभे राहिले होते, त्यांना म्हटलं, दोन मिनिटं बसा. तारखेखाली मी 'व्हय' लिहिलं. मग ते पुसलं आणि 'न्हाय' लिहिलं.