मानाचा सहावा नारळ

मल्हार दोन वर्षांचा व्हायला आला, तोवर त्याला खाकरता उत्तम यायला लागलं होतं. सकाळी तो गॅलरीत मांडी घालून बसायचा, घसा साफ करायचा आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला “काय म्हंतंय?” असं विचारायचा. दिवसभर घरात आजोबा हिंदुराव आणि आजी मथुराबाई; पोरगं दुसरं काय शिकणार? त्याच्या आईला, शेफालीला, सोमवारपासून हिंजवडीच्या ऑफिसात पुन्हा रुजू व्हायचं होतं. त्याआधी मल्हारला त्याच्या वयाची सोबत मिळाली नाही, तर तो वर्षभरात तंबाखू मागेल अशी तिला भीती वाटत होती.

सोबत होती, पण ती निशाच्या ताब्यात होती. धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत सहा घरांचा एक गट होता. सहाही पोरं आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे अशी पाळीपाळीने खेळायची. सातव्याला गटात घ्यायचं की नाही हे निशा ठरवायची, आणि ते ती वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टवरून ठरवायची.

“प्रेशर घेऊ नकोस हं,” निशाने फोनवर सांगितलं. “फक्त प्लास्टिक नको. तोंडात जाईल असं काही नको. आवाज करणारं नको, साखर नको, रंग जाणारं नको. आणि पुस्तक नको, फाडतात. बाकी तुझी चॉइस.”

बाकी काय उरलं होतं, याचा शेफालीने दोन रात्री विचार केला. शेवटी तिच्या नवऱ्याने, विश्वजीतने, ऑनलाइन लाकडी बदकं शोधून काढली. फोटोत बदक चांगलं ढेरपोटं होतं. कापडी पिशव्या शिवून झाल्या, त्यांवर पोरांची नावं भरून झाली, आणि वाढदिवसाच्या दिवशी दुपारी बदकं आली. सहाच्या सहा बदकं विश्वजीतच्या एका मुठीत मावली.

“माप वाचलं नव्हतंस?” शेफालीने विचारलं.

“रिव्ह्यू वाचले होते,” विश्वजीत म्हणाला. “सगळे म्हणत होते, क्यूट आहे.”

“ही एका घासात गिळतील रे! निशाच्या समोर गिळतील!”

हिंदुराव सोफ्यावर बसून हे ऐकत होते. सोसायटी उभी होती ती जमीन पूर्वी त्यांचीच, त्यामुळे इथल्या कुठल्याही प्रश्नात आपल्याला मत आहे असं ते धरून चालत.

“नारळ घाला की,” ते म्हणाले. “आतल्या खोलीत पोत्यात हायती. गिळा म्हणावं.”

शेफाली हसणार होती, पण थांबली. प्लास्टिक नाही. साखर नाही. रंग जात नाही. आवाज नाही. फाटत नाही. निशाच्या सगळ्या अटींत बसणारी एकच वस्तू या पृथ्वीवर होती, आणि ती पोत्यात होती.

“आमच्या कंपनीत नारळ देण्याचा अर्थ वेगळा होतो,” विश्वजीत पुटपुटला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

वाढदिवस छान झाला. केक कापला, दोन पोरं रडली, एकाने फुगा चावला. निघायच्या वेळी सगळे दाराशी जमले, शेफालीने पिशव्या आणल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. तिने त्या गपचूप वाटल्या असत्या. पण नारळ आणि दार एकत्र दिसल्यावर हिंदुरावांना गावची यात्रा आठवली. ते उठले, खाकरले आणि मोठ्याने पुकारले, “मानाचा पहिला नारळ! प्रज्ञेश, निशाताईंचे चिरंजीव!”

निशा खूश झाली. तिच्या मागे उभी असलेली चैताली झाली नाही. “सॉरी, पण पहिला का? क्रायटेरिया काय आहे?”

“वयानं थोरला,” हिंदुराव म्हणाले.

“मग आमची राजनंदिनी आहे ना! ती फेब्रुवारीची, प्रज्ञेश मार्चचा.”

“त्याची ड्यू डेट जानेवारीची होती,” निशा म्हणाली. “डॉक्टरांचं गणित चुकलं, त्याची शिक्षा माझ्या मुलाला का?”

“वयाचं राहू दे,” राकेश मध्ये पडला. घरून काम करत असल्याने मुलाला घेऊन सगळीकडे तोच जायचा. “या बिल्डिंगमध्ये पहिला ताबा आम्ही घेतला होता. लिफ्टसुद्धा नव्हती तेव्हा.”

ही सगळी शिकली-सवरलेली माणसं. जातपात, हुंडा, मानपान यांवर ती उत्तम बोलत. पण आपलं दोन वर्षांचं पोर नारळात तिसरं, ही कल्पना त्यांना सहन होईना. गटात प्रवेश तर गेलाच, आता गटच फुटतोय की काय असं शेफालीला वाटायला लागलं.

“अण्णा, काहीतरी करा,” ती कुजबुजली.

हिंदुरावांनी हात वर केला. “मंडळी, गणपतीला बघा. मिरवणुकीत मानाचे पाच असत्यात. पाचवा कधी रुसला का? मानाचा तो मानाचाच.”

हे पुण्यात कोणाला खोडून काढता येत नाही. पण राकेशने पोरं मोजली. “आणि आम्ही सहावे?”

“अवो साहेब,” हिंदुराव जोरात आले होते, “मानाचे पाच उजेडीच पुढं जात्यात. लोक रात्रभर जागत्यात ते कुणासाठी? मागून लायटिंग घेऊन येणाऱ्यासाठी. शेवटचा तो खरा!”

राकेश सुखावला. त्याच क्षणी निशाने पिशवीकडे नेलेला हात मागे घेतला.

“आम्हाला तशी काही घाई नाही,” ती म्हणाली आणि जाऊन सोफ्यावर बसली.

“आम्हालाही नाही,” म्हणत चैताली तिच्या शेजारी बसली. राकेश दारातून आत आला. बाकीच्यांनी काढलेल्या चपलांकडे पाठ फिरवली.

मग कोणीच उठेना. मथुराबाईंनी पिठलं-भात टाकला, तो खाऊन झाला. आग्रह सुरू झाला. “तुम्ही घ्या ना आधी.” “छे छे, तुम्ही व्हा पुढे.” पोरं जागोजागी पेंगून पडली. शेवटी निशा म्हणाली, “आमचा नारळ इथेच राहू दे. उद्या परवा नेते.” लगेच सगळ्यांचेच इथे राहिले. हॉलमधल्या सहा खिळ्यांवर सहा पिशव्या लटकल्या आणि मंडळी रिकाम्या हाताने घरी गेली. शेफाली रात्रभर रडवेली होती. रिकाम्या हाताने पाहुणे पाठवणाऱ्या बाईला गटात कोण घेणार?

सोमवारी ती ऑफिसला निघणार तोच बेल वाजली. दारात निशा आणि प्रज्ञेश.

“कोणी नेला का?” निशाने आत डोकावून पिशव्या मोजल्या. सहा होत्या. “प्रज्ञेश थोडा वेळ इथेच बसेल हं. आपलं कोणीतरी इथे असलेलं बरं.”

चैतालीने हे खिडकीतून पाहिलं आणि राजनंदिनीला आणून सोडलं. प्रज्ञेश आणि राजनंदिनी पहारा देत आहेत म्हटल्यावर राकेशला राहवेना. शेफालीने कंपनीची बस पकडली, तेव्हा मल्हारच्या भोवती सहा पोरं होती. इतक्या आनंदाने हिंजवडीला गेलेलं माणूस त्या बसने पूर्वी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. गटाच्या पाळ्या बंद पडल्या; गट हिंदुरावांकडेच भरू लागला. आता सातही पोरं गॅलरीत ओळीने मांडी घालून बसतात, खाकरतात आणि खालच्या वॉचमनला “काय म्हंतंय?” विचारतात. निशाला वाटतं, प्रज्ञेश फार कॉन्फिडंट झालाय.

पिशवीला हात लावला तर आपण नारळ घेतला असं धरलं जाईल, म्हणून कोणी पिशव्यांना शिवत नाही. हे मथुराबाईंच्या लवकर लक्षात आलं. नारळ काही जन्मभर टिकत नाहीत. त्यांनी एकेक उतरवला, फोडला, किसला, आणि करवंट्या नीट जुळवून पिशवीत घालून पुन्हा खिळ्याला लावल्या. काल सकाळी सगळ्यात शेवटी प्रज्ञेशची पिशवी उतरली.

संध्याकाळी निशा त्याला न्यायला आली. मथुराबाईंनी तिच्यापुढे खोबऱ्याच्या वड्यांची बशी ठेवली.

“काय मस्त झाल्यात हो, काकू!” निशाने दुसरी वडी उचलली आणि सवयीने पिशव्या मोजल्या. “आमचा अजून शेवटचाच आहे ना?”

“शेवटचाच,” मथुराबाई म्हणाल्या आणि बशी तिच्याकडे आणखी सरकवली.