भाडेकरूला कपाटाची किल्ली

नायिका दाराच्या कडीला हात घालून उभी होती. पलीकडे एक तर तिचा नवरा असणार होता, नाही तर पोलीस. पण आत्याला जांभई आली, म्हणून तिने टीव्ही बंद केला आणि उरलेलं उद्या बघू म्हणून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ती ऐटीत बसते तो काय, नायिका नाही, दार नाही, चित्रपटच नाही! पडद्यावर नुसती एक ओळ होती: ‘हे शीर्षक आता उपलब्ध नाही.’

आत्या म्हणजे साऱ्या घराची आत्या. उभा जन्म सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून काढलेली आणि निवृत्तीनंतरही आवाजातला दरारा न सोडलेली. तिने वाचकांना दम दिला होता, दंड लावला होता, घोरणाऱ्यांना हाकलून दिलं होतं. पण वाचत बसलेल्या माणसाच्या हातातून पुस्तक कधी ओढून घेतलं नव्हतं. तिने तडक कंपनीला फोन लावला.

“अहो, बाई दारात उभी आहे!”

“मॅडम, कुठल्या दारात?”

“ते मला कसं कळणार? पुढचं तुम्ही दाखवतच नाही!”

“मॅडम, त्या चित्रपटाचे आमच्याकडचे हक्क संपले.”

“आणि मी वर्गणी भरते ती?”

“ती बघण्याच्या परवानगीची असते, मॅडम. चित्रपट तुमचा नसतो.”

“असं का? मग जे माझं आहे तेच मी बघेन. माझ्या घरात, माझ्या मर्जीने. ठेवा फोन!” असं म्हणून आत्यानेच फोन ठेवला.

तिचं जे होतं ते बेडरूममधल्या लोखंडी कपाटात होतं. चित्रपटांच्या डिस्का होत्या आणि त्यांच्या मागे घरच्या समारंभांच्या व्हिडिओ कॅसेटी. त्यात तिच्या दादा-वहिनींच्या लग्नाचीही होती. आत्याकडे वस्तू हरवत नाही, म्हणून दादाने ती फार पूर्वीच तिच्या स्वाधीन केलेली. वहिनींचे वडील त्या लग्नानंतर थोड्याच महिन्यांत गेले. त्यांचे फोटो होते, पण चालता-बोलता, हसता माणूस जगात त्या एका फितीतच उरला होता. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी वहिनींना त्यांचे वडील टीव्हीवर दाखवायचेच, असं आत्याने ठरवून टाकलं.

तिचा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, कॉम्प्युटर इंजिनिअर. घरच्या लॅपटॉपवरून आपली चित्रणं टीव्हीवर कशी दाखवायची, हे विचारायला तिने त्याला फोन केला.

“आत्या, स्वतःचा सर्व्हर म्हणजे खायचं काम नाही. कंटेनर चढवावा लागतो.”

“तो काय असतो?”

“एक बंद खोलीच समज. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान, सगळं त्या खोलीत. त्याचा बाकी कॉम्प्युटरला त्रास नाही, बाकीच्यांचा त्याला नाही. बाहेरच्यांशी बोलायला एक खिडकी ठेवायची, बस.”

“म्हणजे भाडेकरू. स्वतःची चूल, स्वतःचं कुलूप.”

“हां, तसंच. पण तुला नाही जमायचं ते. मी येतो ना रविवारी.”

हा रविवार आत्याच्या चांगला ओळखीचा होता. गळका नळ, अडकणारी खिडकी आणि टीव्हीचा रिमोट हे सगळे त्याच रविवारची वाट बघत होते. आपल्या मनाशी ती भाच्याला ‘रविवार’च म्हणायची. त्याच्या ‘नाही जमायचं’ने तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी तिने कॅसेटी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत नेल्या. स्टुडिओवाल्याने लग्नाची फीत हातात घेऊन मान हलवली. “बाई, हिला बुरशी लागलीय. एकदा चालवतो. पुन्हा चालवलीत तर तुकडे होतील.”

“एकदाच चालवा. आणि तुमच्याकडे प्रत ठेवायची नाही. घरची गोष्ट आहे.”

त्याने सगळं एका पेनड्राइव्हवर भरून दिलं. आत्याने ते लॅपटॉपवर उतरवलं, डिस्कांवरचे चित्रपटही चढवले आणि ती काळ्या पडद्यासमोर चष्मा सावरून बसली. इंटरनेटवरच्या सूचना शेजारी उघडलेल्या होत्या. पहिलीच आज्ञा तिने एका बोटाने टाइप केली, तर लॅपटॉप म्हणाला: परवानगी नाही.

“परवानगी नाही? माझ्याच घरात?” आत्या कडाडली. सूचनांत शोधून तिने आपण मालक असल्याचं लॅपटॉपला ठणकावून सांगितलं, वर पासवर्ड दिला, तेव्हा तो मुकाट्याने वळला. मग कळलं, की ठरलेली खिडकी आधीच दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने अडवून ठेवली आहे. आत्याने दुसरी उघडली. दोनदा भाडेकरू आत येऊन लगेच बेशुद्ध पडला. दोन्ही वेळा तिने त्याला उठवून बसवलं. ‘तुझ्यापेक्षा हट्टी वाचक मी सरळ केलेत,’ असंही त्याला ऐकवलं.

शेवटची सूचना मात्र तिला पटेना. ‘तुमचा चित्रपटांचा फोल्डर कंटेनरला जोडून द्या.’ म्हणजे काय? काल आलेल्या परक्या भाडेकरूच्या हातात आपल्या कपाटाची किल्ली द्यायची? ग्रंथालयात तिने मंत्र्यालासुद्धा कपाटापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. काय हवं ते सांगा, आणून देते, हा तिचा खाक्या. इथेही तिने तेच केलं. दुसरीच एक आज्ञा हुडकून एकेक फाइल उचलून भाडेकरूच्या खोलीत नेऊन ठेवली. आणि ग्रंथालयात एकाच वस्तूच्या दोन प्रती म्हणजे अडगळ, म्हणून लॅपटॉपवरच्या मूळ फाइली पुसून टाकल्या.

फाइलींना नावं द्यायची वेळ आली, तेव्हाही ती ग्रंथपालासारखीच वागली. नावं कशाला? तिने पुस्तकांच्या पाठीवर असतात तसे झोकात वर्गांक दिले. आकडा, टिंब, आकडा.

उरला पेनड्राइव्ह. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले बरेच दिवस एक जुना चित्रपट मागत होते. दुनियेची घड्याळं दुरुस्त करणारा हा गृहस्थ स्वतः कधीच वेळेवर नसे. ग्रंथालयातही उशिरा पुस्तकं परत करणाऱ्यांत त्यांचा पहिला नंबर. आत्याने त्यांचा चित्रपट डिस्कवरून पेनड्राइव्हवर भरला आणि बजावलं, “आधीचं आत जे काही आहे ते पुसून टाका. बघून झालं की आठवड्यात परत. आठवडा म्हणजे आठवडा!”

“बाई, मी कधी उशीर केलाय?” घड्याळवाले म्हणाले. आत्याने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. आठवडा उलटला, मग दुसरा उलटला. जिन्यात भेटले की ते ‘उद्या नक्की’ म्हणत आणि घाईघाईने उतरून जात. आत्याने त्यांच्या दाराखालून स्मरणपत्रं सरकवली, पण त्या माणसाला ढिम्म फरक पडला नाही.

वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी दादा, वहिनी आणि रविवार असे तिघे आत्याकडे जमले. केक कापून झाला. वहिनी नवी साडी नेसून सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या. हातात रुमाल आधीच घडी करून ठेवलेला.

“वन्सं, खरंच बाबा दिसतील?” त्यांनी हळूच विचारलं.

“दिसतील म्हणजे? दिसलेच पाहिजेत,” आत्या म्हणाली आणि तिने टीव्ही लावला.

भाडेकरू उत्साही निघाला होता. आकड्यांवरून त्याला काही बोध होईना, तेव्हा त्याने इंटरनेटवर जाऊन त्या आकड्यांच्या जवळपासचं जे सापडलं ते उचलून आणलं होतं आणि प्रत्येक फाइलला आपल्या मनाने नाव, चित्र आणि कथानक चिकटवलं होतं. आत्याच्या निरोप समारंभावर तुरुंगाच्या गजांचं चित्र होतं. रविवारच्या पहिल्या वाढदिवसावर एक अक्राळविक्राळ सागरी प्राणी होता आणि खाली लिहिलं होतं, ‘तो भुकेला आहे. आणि तो वाढतो आहे.’ दादा-वहिनींच्या लग्नाच्या जागी चिखलाने माखलेला सैनिक हात वर करून उभा होता. दादाने चष्मा पुसून मोठ्याने वाचलं: ‘प्रदीर्घ वेढ्यानंतर एक शूर जवान शत्रूपुढे शरण जातो. त्याची सुटका होईल का?’

“नाही होत,” दादा म्हणाला.

“हे काय आहे?” वहिनींचा आवाज चढला. “शत्रू कोण यात?”

“अगं, मी कुठे काय म्हटलं? लिहिलंय ते वाचलं.”

रविवार हसून हसून लोळायच्या बेतात होता. “आत्या, आकडे टाकलेस नावं म्हणून? तरी म्हटलं होतं तुला! सरक, मी करतो. हा कंटेनर उडवायचा, नवीन चढवायचा, दोन मिनिटांचं काम. फाइली काय, बाहेर असतातच.”

“थांब, मला आधी—” आत्या म्हणेपर्यंत त्याने तीन-चार बटणं दाबली होती.

नवा भाडेकरू आला. त्याची खोली लख्ख रिकामी होती. रविवारने इथे बघितलं, तिथे बघितलं. हसू कधी मावळलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“आत्या, फाइली कुठे आहेत?”

“खोलीत. तू आत्ता ज्याला बाहेर काढलंस त्याच्या.”

“कंटेनरच्या आत? अगं, आपल्या फाइली कोणी कंटेनरच्या आत ठेवतं का? तो गेला की त्याच्याबरोबर सगळं जातं!”

“आणि घरमालकिणीला न विचारता भाडेकरू कोणी हाकलतं का?” आत्या गरजली. चित्रपटांचं तिला काही वाटलं नाही, त्यांच्या डिस्का कपाटात होत्या. फीत मात्र बुरशीने संपलेली होती. तिने स्टुडिओवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “बाई, तुम्हीच बजावलं होतंत ना, प्रत ठेवू नका म्हणून? लगेच पुसली.” रविवारने लॅपटॉपशी बरीच झटापट केली. पुसलेल्या फाइलींच्या जागेवर दुसरं काहीबाही बसलं होतं.

वहिनींनी घडी केलेला रुमाल उलगडला आणि त्याची पुन्हा घडी केली. “जाऊ द्या, वन्सं. फोटो आहेत ना,” त्या म्हणाल्या. त्यांनी आकांडतांडव केलं असतं तर आत्याने तोंडास तोंड दिलं असतं. या एका वाक्यावर तिने नुसता टीव्ही बंद केला. जिच्याकडे वस्तू हरवत नाही अशी तिची ख्याती, आणि तिच्याच घरात वहिनींचे वडील हरवले होते. आयुष्यात पहिल्यांदाच आत्याला कोणाची तरी माफी मागावीशी वाटली, आणि ती कशी मागतात हे तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात तिला घड्याळवाले आठवले. ती चपला न घालताच जिना उतरली.

दार उघडताच घड्याळवाल्यांनी दोन्ही हात जोडले. “बाई, उद्या नक्की! शपथ!”

“ते राहू द्या. पेनड्राइव्हवरचं आधीचं पुसलंत?”

घड्याळवाल्यांचा चेहरा उतरला. “खोटं कशाला बोलू? पुसणारच होतो. आज पुसू, उद्या पुसू असं करता करता राहूनच गेलं. म्हणूनच तर आणून द्यायचं धाडस होईना. तुम्ही ओरडाल म्हणून...”

“कुठे आहे तो?”

ते चाचपडत आत गेले. सुट्या काट्यांच्या आणि पट्ट्यांच्या ढिगातून त्यांनी पेनड्राइव्ह काढला. आत्याने तो हिसकावून घेतला आणि वर जाता जाता म्हणाली, “चला वर. केक आहे.” ग्रंथालयाच्या इतिहासात उशीर केलेल्या वाचकाला केक मिळाल्याचं उदाहरण नव्हतं. घड्याळवाले घाबरतच मागोमाग गेले.

पेनड्राइव्ह सरळ टीव्हीत घातला. थोडी खरखर झाली, रंग हलले, आणि मांडवाच्या खांबाआडून एक टक्कल पडलेले गृहस्थ बाहेर आले. कॅमेरा आपल्यावर आहे हे कळताच त्यांनी ‘इकडे काय करतोस, तिकडे नवरी आहे’ अशी खूण केली. कॅमेरावाला हलेना, तेव्हा ते खो खो हसत सुटले.

“बाबा,” वहिनी म्हणाल्या. मग त्याही तश्शाच हसल्या. रुमाल डोळ्यांना लावून हसल्या. ते हसणं थेट वडिलांचं होतं, हे इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

रविवारने खाली मान घालून नवा कंटेनर पुन्हा चढवला. या वेळी त्याने पेनड्राइव्हवरच्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या, कपाटाची किल्ली रीतसर देऊन फोल्डर जोडला आणि आधी आत्याची परवानगी घेतली. आत्यानेही “पण त्याला फक्त बघू दे, हात लावू द्यायचा नाही,” एवढीच अट घातली. तसंही करता येतं, हे कळल्यावर तिला भाडेकरूबद्दल थोडा आदर वाटला. वर्गांक मात्र तिने पुन्हा तेच द्यायला लावले. भाडेकरूने इमानेइतबारे पुन्हा तोच चिखलातला सैनिक आणून लावला.

“हे तेवढं काढतो, आई,” रविवार म्हणाला.

“राहू दे,” वहिनी दादाकडे बघत म्हणाल्या. “वेढा अजून उठलेला नाही, हे लक्षात राहील यांच्या.”

सगळे गेल्यावर आत्याने बाजारातून आणलेला एक कोरा पेनड्राइव्ह काढला. त्यावर घरची सगळी चित्रणं भरली आणि ती पुन्हा खालच्या मजल्यावर गेली. घड्याळवाल्यांनी दार उघडलं ते हात जोडूनच.

“हा घ्या,” आत्या म्हणाली.

“बाई, मी आठवड्यात नक्की—”

“काय म्हणालात?” आत्याने डोळे वटारले. “खबरदार परत आणून दिलात तर!”