पातळ ग्रेव्हीची तिसरी पाहणी

शिधापत्रिकेवर एकच नाव असेल, तर त्या घरात ग्रेव्ही दाट होत नाही. ही गोष्ट शहरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्याबद्दल कोणाची फारशी कुरकुरही नव्हती. एकटी माणसं पोहे करतात, खिचडी टाकतात, दूधभाकरी खाऊन मोकळी होतात. त्यांना ग्रेव्ही लागते कशाला, असाच एकंदर सूर होता.

पद्मजाबाई कर्णिकांना ती लागत होती. त्या आणि त्यांच्या थोरल्या बहीण इंदूताई एकोणीस वर्षं एका घरात राहत होत्या आणि दर बुधवारी दुपारी त्यांच्याकडे चायनीज ऑम्लेट होत असे. सोमवार, गुरुवार, शनिवार अंड्याला वर्ज्य. रविवारी खालच्या मजल्यावर गोगट्यांकडे पाहुणे येत आणि वास गेला की जिन्यात चर्चा होई. म्हणून बुधवार. हा पदार्थ इंदूताई महिला मंडळाच्या तीन दिवसांच्या वर्गात शिकून आल्या होत्या. अंडी फेसायची, त्यात बारीक कोबी, गाजर, कांद्याची पात आणि मोडाचे मूग घालायचे, तव्यावर तळहाताएवढी जाडसर ऑम्लेटं टाकायची. दुसऱ्या भांड्यात पाणी, सोया सॉस, मिरपूड, चिमूटभर साखर उकळत ठेवायची आणि थंड पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर त्यात सोडायचं. इंदूताई ढवळत आणि पद्मजाबाई वाटी ओतत. एका माणसाला न जमण्यासारखं त्यात काही नाही, पण एकटीनं ते दोघींपैकी कोणीच कधी केलं नव्हतं.

उन्हाळ्यात इंदूताईंना त्यांच्या मुलानं भोपाळला नेलं. ताईंचे गुडघे गेले होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर होतं, त्यामुळे मुलाचं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही. चुकलं ते पद्मजाबाईंचं. एकतीस वर्षं त्यांनी शिक्षण विभागात आवक-जावक सांभाळली होती. कागद वेळेआधी तयार असला पाहिजे हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. तिकडच्या शिधापत्रिकेवर नाव चढवायचं, तर इकडचं कमी केल्याचा दाखला लागतो. ताईंची बॅग भरून व्हायच्या आधी पद्मजाबाईंनी तो दाखला काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवला. भोपाळला तो अजून कोणी मागितलेला नाही.

पहिल्याच बुधवारी त्यांनी कॉर्नफ्लॉवर सोडलं आणि वीस मिनिटं ढवळलं. ग्रेव्ही चहासारखी राहिली. आणखी दोन चमचे घातले, तशी ती गढूळ झाली, पण ऑम्लेटवर ओतल्यावर सरळ वाहत ताटाच्या कडेला गेली. त्यांनी ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, इथे कार्डावर सहा नावं आहेत, चमचा उभा राहील इतकी दाट होते. पण सुनेला घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून ती ग्रेव्ही पनीरवर घालत होते.

पुढच्या बुधवारी पद्मजाबाईंनी गोगटे वहिनींना पाच मिनिटं स्वयंपाकघरात उभं राहायची विनंती केली. वहिनी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. ग्रेव्ही छान दाट झाली. त्यानंतर मात्र पद्मजाबाई अंडी घेऊन जिना चढताना दिसल्या, की गोगट्यांचं दार आतून लागू लागलं. दुसऱ्यांदा विचारायला पद्मजाबाईंची जीभ रेटेना.

तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज केला. नगरपालिकेत तिसऱ्या मजल्यावर दाटपणा कक्ष आहे. पुरावा म्हणून त्यांनी पातळ ग्रेव्ही एका बाटलीत भरून नेली होती. कक्षात तेव्हा सात कारकून आणि रांगेत चौदा माणसं होती. खिडकीवरच्या बाईंनी बाटली उलटी केली, हलवली, तळावर दोन थापा मारल्या. थेंब पडला नाही. यात तक्रार कशाची, असं त्यांनी विचारलं. पद्मजाबाईंनी शांतपणे सांगितलं, की घरून निघताना ती पातळ होती. असं सगळेच म्हणतात, असं बाई म्हणाल्या, पण अर्ज घेतला आणि पोच दिली.

महिन्याभरानं, बुधवारी दुपारी बारा वाजता, निरीक्षक ढेकळे आले. पन्नाशीचे, अंगानं किरकोळ, चपला दाराबाहेर अगदी जोडून ठेवणारे गृहस्थ होते. त्यांच्याजवळ एक नोंदवही आणि चामडी म्यानात घातलेला कक्षाचा चमचा होता. ते ओट्याशी उभे राहिले, पद्मजाबाईंनी वाटी ओतली आणि ग्रेव्ही दाट झाली. ढेकळ्यांनी चमचा बुडवून वर धरला, चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली. रेघ तशीच राहिली. त्यांनी नोंदवहीत ‘दाट’ असं लिहिलं.

“पण तुम्ही आहात म्हणून झाली ना ती,” पद्मजाबाई म्हणाल्या.

ढेकळ्यांनी मान डोलावली. ते खरं आहे, पण वहीत फक्त ‘दाट’ आणि ‘पातळ’ असे दोनच रकाने आहेत, असं त्यांनी सांगितलं. चव घेणं हा पाहणीचा भाग असल्यानं ते ताटावर बसले. त्यांनी ऑम्लेट खाल्लं, दुसरं घेतलं आणि मूग घालायची युक्ती चांगली आहे असं मत दिलं. त्या दुपारी पद्मजाबाई दीड तास बोलल्या. ढेकळे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ताई गेल्यापासून आपण इतकं बोललोच नव्हतो. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

मधले तीन बुधवार त्यांनी ऑम्लेट ग्रेव्हीत बुडवून खाल्लं, चहात पाव बुडवतात तसं.

दुसऱ्या पाहणीला पद्मजाबाई तयारीनं होत्या. ढेकळे आधी जिन्यात थांबतील, ग्रेव्ही पातळ असतानाच त्या हाक मारतील, असं ठरलं. हाक मारेपर्यंत ग्रेव्ही पातळच होती; ढेकळ्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि ती आळली. मग पद्मजाबाईंनी आरसा लावून पाहिला. ढेकळे जिन्यात आणि ओट्यावर तिरका आरसा. ढेकळ्यांची नजर आरशात गेली, तेवढ्यानं ती घट्ट झाली.

“पाहणं म्हणजे हजर असणंच की,” ढेकळे म्हणाले आणि त्यांनी ‘दाट’ लिहिलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी स्वतःहून सांगितलं, की त्यांच्याही कार्डावर एकच नाव आहे. आई गेल्याला आठ वर्षं झाली. पण कक्षातल्या माणसाला कक्षाकडे तक्रार करता येत नाही. ते घरी ग्रेव्हीच्या वाटेला जातच नव्हते. पद्मजाबाईंनी त्यांना तिसरं ऑम्लेट वाढलं. ते नको म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे बुधवार पद्मजाबाईंना लांब वाटले. तिसऱ्या पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी ओटा दोनदा पुसला, मूग मोड येण्यासाठी फडक्यात बांधले आणि ठेवणीतली दोन ताटं काढली. ताईंना फोनवर त्या म्हणाल्या, की काम बहुतेक उद्या होईल. कुठलं काम ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं.

ढेकळे आले, उभे राहिले, ग्रेव्ही दाट झाली. दोघं जेवायला बसले. या खेपेला ढेकळ्यांनी वही उघडलीच नव्हती. अर्धं ऑम्लेट संपल्यावर त्यांनी हात थांबवला.

“तीनदा ‘दाट’ लागलं, की फाईल बंद होते,” ते म्हणाले. “मग या घराला पुन्हा अर्ज करता येत नाही.”

“आणि ‘पातळ’ लागलं तर?”

“तर पूरक उपस्थिती मंजूर होते. दर बुधवारी कक्षाकडून एक माणूस येऊन बसेल. कायमचं.”

पद्मजाबाईंनी ग्रेव्हीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी घेतली नाही.

“मी नाही येणार, बाई. ज्यानं पाहणी केली त्याला ‘पातळ’ लिहिल्यावर सात वर्षं त्या घरी पाणीसुद्धा घेता येत नाही. हितसंबंध येतात.”

“आणि ‘दाट’ लिहिलंत तर?”

“तर यायला मला कारणच उरत नाही.”

दोघंही नोकरीत मुरलेली माणसं होती. तुम्ही एरवीही या, असं पद्मजाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी बोलवायचं म्हणजे काहीतरी निमित्त असावं लागतं, आणि बुधवारच्या ऑम्लेटाखेरीज त्यांच्याजवळ दुसरं निमित्त नव्हतं. ढेकळ्यांनी ताटातलं उरलेलं ऑम्लेट संपवलं. बोलायला दोघांना पुष्कळ वेळ मिळाला. तो तसाच गेला.

ढेकळ्यांनी हात धुतला, पुसला आणि वही उघडली. चोवीस वर्षांत त्यांनी न पाहिलेलं काही लिहिलं नव्हतं. ताटात चमच्याला चिकटून बसणारी ग्रेव्ही होती आणि तिच्याकडे पाहत त्यांनी ‘पातळ’ असं लिहिलं. साक्षीदाराच्या जागी पद्मजाबाईंनी सही केली. आवक-जावकला असताना तारीख चुकलेला कागदसुद्धा त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नव्हता. सही नेहमीपेक्षा लहान आली.

दारात ढेकळ्यांनी चपला घातल्या. मिरपूड आज अगदी बेताची होती, असं ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मंजुरीचं पत्र अकरा दिवसांत आलं. कक्षाच्या इतिहासात इतक्या लवकर कोणाला मंजुरी मिळाली नव्हती, असं खिडकीवरच्या बाईंनी आवर्जून कळवलं.

बुधवारी बारा वाजता पूरक उपस्थिती म्हणून उद्यान विभागाकडून वर्ग झालेले श्री. निंबोरे आले. त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची स्वतःच्या हातानं भिंतीला लावली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले. पद्मजाबाईंनी चार अंडी फोडली, ऑम्लेटं टाकली, वाटी ओतली. ग्रेव्हीला एकही गुठळी नव्हती. त्यांनी दोन ताटं वाढली. निंबोऱ्यांनी खिशातून नियमांची घडी काढून दाखवली. उपस्थितानं खायचं नव्हतं आणि कामापुरतंच बोलायचं होतं. मग ते उठले आणि त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला.

“पाच मिनिटं बसता का आणखी?” पद्मजाबाईंनी विचारलं.

निंबोऱ्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच कळेना.

“ग्रेव्ही तर झाली दाट, मॅडम. आता कशासाठी बसू?”

पद्मजाबाईंनी विचार केला. अर्जात त्यांनी ग्रेव्हीच मागितली होती.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

निंबोरे गेले. पद्मजाबाई ताटावर बसल्या. आधी त्यांनी आपलं ऑम्लेट खाल्लं, मग दुसऱ्या ताटातलं.