नळीची उत्तरपूजा

खंडेनवमीच्या दुपारी तेजस्विनीने कपाटातल्या साड्यांमागे हात घातला. काळं कापड हाताला लागलं. आतली नळी लागली नाही.

नळी पेन्सिलीएवढी, क्वार्ट्‌झ काचेची, दोन्हीकडून बंद. आत जांभळं द्रावण आणि त्यात फुलरीन, म्हणजे साठ कार्बन अणूंचे फुटबॉलसारखे गोल रेणू. आतली हवा काढून तोंड ज्योतीवर वितळवायचं, हे जमेपर्यंत आधीच्या चार नळ्या तडकल्या होत्या. ही पाचवी. दसऱ्याला सकाळी नऊ ते बारा गंगापूर रस्त्यावरच्या एका संस्थेतलं मोठ्या चुंबकाचं मशीन तिला मिळालं होतं, तेही दसऱ्याला ते दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून. ही वेळ चुकली तर पुढची थेट फेब्रुवारीत, आणि पीएच.डी.ची मुदत डिसेंबरात संपत होती.

"आई, माझी नळी कुठंय?"

"नानांना विचार," उद्याच्या पुरणाची डाळ निवडता निवडता विठाबाई म्हणाल्या.

नाना म्हणजे तिचे वडील कारभारी, पंचवटीतले जुने शिंपी. बाहेरच्या खोलीत त्यांनी पाट मांडला होता. त्यावर कापड कापायची मोठी कात्री, इस्त्री, घरातली विळी, आणि मधोमध झेंडूच्या फुलाला टेकून तेजस्विनीची नळी. तिला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. वीतभर अंतरावर समई तेवत होती.

"नाना, हे काय केलंत?"

"हत्यारांची पूजा. परवा तूच म्हणालीस ना, तिला हात लावू नका, तेच माझं हत्यार हाय म्हणून?"

म्हणाली होती खरी.

"अहो, तिला उजेड दाखवायचा नसतो, आतलं सगळं नासतं. काळ्या कापडात उगीच ठेवली होती का? आणि आतलं द्रावण रॉकेलसारखं पेटतं."

समई हलवायला कारभारी लगेच तयार झाले. नळी हलवायला तयार होईनात.

"उत्तरपूजा झाल्याबिगर पूजेतली वस्तू हलवत नाय. माझी कात्री बघ. आज कुणाचा ब्लाउज अडला तरी उचलणार नाय मी."

"मग उत्तरपूजा कधी?"

"उद्या. पुरणाचा नैवेद्य झाला की. बारा तरी वाजतील."

"मशीन नऊला आहे माझं."

"मग त्यांना सांग, दसरा हाय."

तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून विठाबाईंनी डाळीचं सूप बाजूला ठेवलं. "उद्या सात वाजता गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवा नि उत्तरपूजा उरका. पुरण खाऊ मागनं. पोरीची तीन वर्षं हायेत त्या नळीत." घरात शेवटचा शब्द कुणाचा, याबद्दल कारभारींच्या मनात कधीच शंका नव्हती. ते "बरं" म्हणाले.

तरी तेजस्विनीच्या जिवाला घोर लागून राहिलाच. समईच्या धगीने केसाएवढा तडा गेला असेल तर? डोळ्यांना तो दिसत नाही, पण हवा आत शिरते, आणि हवा शिरली की ते रेणू मशीनपुढे काही म्हणजे काही बोलत नाहीत.

सकाळी सातला अक्षता वाहून झाल्या. तेजस्विनीने स्पिरिटने हळदकुंकू पुसून काढलं. स्कूटरचीही पूजा झाली होती, तिच्यावरही अक्षता पडल्या, मगच ती हलली. पावणेनऊला बापलेक संस्थेत पोहोचले.

मशीन चालवणारे धोंडीराम दारातच खुर्ची टाकून बसले होते. आत पुरुषभर उंचीच्या चुंबकाला झेंडूचा हार होता आणि वर कुंकवाची पाच बोटं.

"काका, सुरू करू या?"

"उत्तरपूजा नाय झाली, ताई. दरवर्षी साहेब करतात. ते कळवणला गावी गेलेत, चारपर्यंत येतील."

"बाराला वेळ संपते माझी."

"मी केली असती हो. पण अक्षता साहेबांच्या कपाटात, नि किल्ली साहेबांच्या खिशात."

तेजस्विनी मटकन पायरीवर बसली. काल जिच्यावरून एवढी भांडली, ती उत्तरपूजा इथे येऊन आडवी पडली होती. कारभारींनी शांतपणे पँटच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"दुकानातल्या शिलाई मशीनची उत्तरपूजा राहिलीय माझी, म्हणून अक्षता बांधून घेतल्या. निम्म्या घ्या तुम्ही."

धोंडीरामांनी पुडी उघडून बघितली आणि चपला काढल्या. पाच मिनिटांत चुंबकावर अक्षता पडल्या, हार उतरला आणि बटणं दाबली गेली.

नळी मशीनमध्ये गेली. खोलीत अंधार केला. पडद्यावर सरळ आडवी रेघ.

"हे असंच राहणार का?" कारभारींनी हळूच विचारलं.

"आता लेझरचा झोत पडेल. उजेड पडला की रेणू जागा होतो, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात चुंबकाने त्याला पकडायचं. नळी तडकली असेल तर काहीच दिसणार नाही."

हिरवा झोत लागला. रेघ तशीच राहिली. तेजस्विनीने ओठ दाताखाली धरला. मग रेघेच्या मध्यावर एक बारीक टोक उगवलं, वाढत गेलं आणि सुईसारखं ताठ उभं राहिलं.

"आलं," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसून रडली का हसली ते तिचं तिलाही कळलं नाही. नळी धड होती. डिसेंबर हाती होता. कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता.

कारभारींनी पडद्याकडे बोट केलं.

"म्हंजे अंधारात गप. उजेड दाखवला की बोलतं."

"हो, नाना."

"मग काल मी समई लावली, त्यात एवढं काय चुकलं?"

धोंडीरामही उत्तरासाठी तिच्याकडे बघू लागले. तिने पडद्यावरच्या ताठ टोकाकडे बघितलं.

"काही नाही चुकलं," ती म्हणाली.

कारभारींनी उरलेल्या अक्षतांची पुडी नीट घडी घालून खिशात ठेवली आणि ते दुकान उघडायला निघाले.