गाडी तापता कामा नये

संपतनं बायकोसाठी, शितलसाठी, बॅटरीवरची स्कूटर आणली, आणि तिसऱ्या दिवशी घरातला एकुलता एक पंखा स्कूटरच्या वाट्याला गेला.

स्कूटर हौसेनं आणलेली नव्हती. आदल्या वर्षी अंगणवाडीसेविकेच्या मुलाखतीला निघालेल्या शितलची वरवंडच्या स्टँडवर एस.टी. चुकली होती आणि जागा दुसरीला गेली होती. वर्षभर शितलला ते सलत होतं. यंदा गावात आणखी एक जागा निघाली. मुलाखत सोमवारी अकराला, दौंडात. केडगाव स्टेशनपर्यंत स्कूटरनं आणि पुढं रेल्वेनं जायचं, एस.टी.च्या नादी लागायचं नाही, असं ठरलं. या स्कूटरला लायसन लागत नव्हतं. दुकानदारानं चावी देताना एवढंच बजावलं होतं, "मॅडम, उन्हाळा आहे. बॅटरी तापू देऊ नका. तापली की संपली."

हे शितलपेक्षा तिच्या सासूनं, साखरबाईंनी, जास्त मनावर घेतलं. तीस वर्षं त्यांनी भर उन्हाळ्यात शेवंती बाजारात ताजी पोचवली होती. त्यांना गार ठेवण्याबद्दल कोण शिकवणार? त्यांनी गोणपाट भिजवलं, फुलांच्या पाटीवर घालतात तसं गाडीवर घातलं, आणि दर तासाला वर तांब्याभर पाणी शिंपडायला सुरुवात केली.

शनिवारी दुपारी शेजारचे पोपटराव आले. पोपटरावांनी आयुष्यभर विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या, आणि त्यांतल्या काही चालूही झाल्या होत्या.

"अवो वैनी, फुलं हायेत व्हय ती? पानी आत गेलं तर शॉट बसंल!"

"मंग काय तापू द्यू?"

"वारा द्या. मशीनला वारा पायजे."

पंखा पडवीत गेला. रात्रपाळी करून झोपलेला संपत घामानं निथळत उठून बसला. "आये, पंखा कुठंय?"

"तुला नोकरी हाय. तिला लागायचीय. झोप गप."

चार वाजता लोडशेडिंग सुरू झालं आणि पंखा थांबला. साखरबाईंनी सीटखाली हात घातला आणि त्यांचा जीव खालीवर झाला. "पोपटराव, अंगात कसकस असल्यावानी लागतंय वो!"

पोपटरावांनी घरी जाऊन जुन्या ट्रकच्या केबिनमधला टीचभर पंखा आणला, सीटखाली बसवला आणि दोन वायरी कुठंतरी अडकवल्या. पंखा भर्रकन फिरला.

"आता लाइट गेली काय, आली काय! बंदच करायचा न्हाई ह्यो," पोपटराव म्हणाले.

रविवारी शितल सरावासाठी चौफुल्यापर्यंत जाऊन येते म्हणाली. "नगं. फिरवली की तापंल," साखरबाई म्हणाल्या.

"मग निदान चार्जिंगला तरी लावू?"

"काल सकाळीच भरलीय की! चार्जिंगला लावली की बी तापतीया ती."

सोमवारी साखरबाईंनी बॅटरीला हात लावून पाहिला. थंडगार. त्यांनी समाधानानं हँडलला शेवंतीचा हार बांधला. तो नेमका चार्जिंग दाखवणाऱ्या काट्यावर आला, त्यामुळं काटा कुठं आहे ते कोणालाच दिसलं नाही.

दीड किलोमीटरवर गाडी मंदावली. आधी एक सायकलवाला पुढं गेला, मग डोक्यावर भारा घेतलेली एक म्हातारी, आणि मग गाडी उभीच राहिली. शितलनं घड्याळ पाहिलं आणि तिला रडू यायला लागलं. पुन्हा तेच!

तेवढ्यात स्टेशनकडं फुलं घेऊन निघालेला गावातल्या गोकुळचा टेम्पो आला. गोकुळनं सीट उचललं. आत टीचभर पंखा शेवटच्या गिरक्या घेत होता.

"वैनी, ह्यो पंखा बॅटरीवरच जोडलाय की! कवाचा ह्योच खातोय तिला!"

शितलनं बॅटरीवर हात ठेवला. खरोखर थंडगार होती. रडता रडता तिला हसू फुटलं.

गोकुळनं गाडी फुलांशेजारी टेम्पोत चढवली, फुलांवर मारायचा पाण्याचा डबा उचलला आणि सवयीनं विचारलं, "हिच्यावर बी मारू का?"

"नको! लई लाड झाल्यात तिचं!"

शितलनं पळत रेल्वे पकडली आणि घामाघूम होऊन अकराला पाच कमी असताना ती ऑफिसात पोचली. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "अंगणवाडीत एखादं मूल तापलं तर काय कराल?"

शितलच्या डोळ्यांपुढं पडवी आली. "ओल्या फडक्यानं पुसीन, वाऱ्याला ठेवीन, दवाखान्यात न्यायला लावीन. पण मॅडम, त्याच्या पोटात काही गेलंय का, ते आधी बघीन. नुसतं गार ठेवून भागत न्हाई. उपाशी ठेवलं तर थंडगार अंगानंसुद्धा ते दीड किलोमीटरवर बसकण मारतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दीड किलोमीटरवरच का?"

"अनुभव हाय, मॅडम."

पंधरा दिवसांनी नेमणुकीचा कागद आला. शितलनं मॅडमना काय सांगितलं, ते तोवर साखरबाईंनी गावभर केलं होतं आणि स्वतःही मनावर घेतलं होतं. कामाच्या पहिल्या दिवशी शितल नवं पातळ नेसून पडवीत आली. गाडी चार्जरला लावलेली होती.

"आत्या, कवापासनं लावलीय?"

"परवापासनं. लाइट आली की खातीया बिचारी. खाऊ दे पोटभर, मागच्या टायमाला लई हाल झालं तिचं."

शितलनं सीटखाली हात घातला. असा चटका बसला की तिनं बोटं तोंडात घातली.

मग तिनं चार्जर काढला, पिशवी काखेत मारली आणि ती पायी निघाली. अंगणवाडी चार घरं सोडून होती.